ब्रेकचा शत्रू ऊन नव्हे, ओल

वरणगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. म्हणून सायकलचा हायड्रॉलिक ब्रेक उन्हानेच बिघडतो, असे वाटणे साहजिक आहे. पण नवे डॉट 4 ब्रेक-ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरले की ही मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. मग उतारावर ब्रेक तापला की तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर पोकळ लागते. म्हणजे खरी परीक्षा पावसाळ्याची. ‘नळी बंदच असते, तेल कशाला बदलायचे?’ हा आक्षेप टिकत नाही. सीलमधून ओल हळूहळू शिरतेच. काही ब्रेकमध्ये डॉटऐवजी मिनरल ऑइल असते; ते पाणी शोषत नाही, पण शिरलेले पाणी तळाशी, कॅलिपरपाशी साचते. दोन्ही तेले कधीही मिसळू नका, सील खराब होतात. दरवर्षी दिवाळीआधी तेल बदलून नळीतली हवा काढून घ्या.