कोंबडी दाण्यावर जगते, अंडं कशावर देते?

गटाच्या बैठकीत आम्ही कोंबड्यांचा विषय काढला की एक तक्रार हमखास येते : दाणे भरपूर टाकतो, तरी अंडी कमी, आणि आली तर कातडीसारखी मऊ. मग कोंबडी बाजारात जाते, आणि कुणापुढे हात न पसरता मिळणारे आपले चार पैसेही जातात.

कोंबडी उपाशी नसते. ज्वारी, बाजरी, मक्यानं पोट भरतं, पण १०० ग्रॅम दाण्यात प्रथिनं १० ग्रॅमच्या आसपासच. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ती १६ ते १८ लागतात. शिवाय एका अंड्याच्या कवचातच सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. ते दाण्यातून कुठून यायचं?

उकिरड्यावर, बांधावर ती किडे आणि पाला वेचते. हे फुकटचं खाद्य उन्हाळ्यात आटतं. म्हणून संध्याकाळी कोंबड्या आत घेताना प्रत्येकीमागे मूठभर, म्हणजे ४०-५० ग्रॅम, मिश्रण द्या. ७ किलो मका किंवा ज्वारीचा भरडा, १ किलो तांदळाचा कोंडा, २ किलो शेंगदाणा पेंड आणि ३० ग्रॅम मीठ. दहा कोंबड्यांना हे वीस दिवस पुरतं. पैसे टाकायचेच तर पेंडीवर टाका. भरड्याला घरची किडकी नसलेली फुटकी ज्वारीही चालते.

पेंड मात्र वास घेऊन घ्या. कुबट, बुरशी धरलेली पेंड स्वस्तात मिळाली तरी नको. बुरशीचं विष कोंबडीच्या यकृताला लागतं आणि पेंड भाजली तरी पुरतं जात नाही. पावसाळ्यात तर थोडी थोडीच आणावी.

शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंड्यावरची कोंबडी गरजेपुरता खाते. पिल्लांच्या खाद्यात तो मिसळू नका, त्यांच्या मूत्रपिंडाला जादा कॅल्शियम सोसत नाही. चुरा नसेल तर अंड्यांची टरफलं तव्यावर भाजून बारीक कुटा. अख्खी टाकलीत तर कोंबड्यांना अंडी फोडायची चटक लागायची!

अझोल्याचं बरंच कौतुक होतं. हिरवा चारा म्हणून तो चांगला, पण त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. पेंडीची जागा तो घेत नाही. त्यापेक्षा वाळवी बघा. मडक्यात ओलं शेण, गोणपाटाचा तुकडा आणि काटक्या भरून ते रात्री वारुळाजवळ पालथं घाला. सकाळी आत वाळवी भरलेली असते, ती पिल्लांपुढे झटका. औषध मारलेल्या शेतातली तेवढी घेऊ नका.