भिंत वाळते की घडते?

ज्या बदलात पदार्थाचे केवळ रूप किंवा अवस्था पालटते, पण पदार्थ तोच राहतो, तो भौतिक बदल होय. ज्यात निराळ्या गुणधर्मांचा नवा पदार्थ निर्माण होतो, तो रासायनिक बदल. व्याख्या सोपी आहे. परंतु डोळ्यांना हे दोन्ही बदल पुष्कळदा सारखेच दिसतात. आपल्या घरांच्या भिंतीच याची साक्ष देतील.

मातीची कच्ची वीट उन्हात ठेवली की तिच्यातील पाण्याची वाफ होऊन ती कठीण होते. तीच वीट पाण्यात टाकली, तर तिचा पुन्हा चिखल होतो. हा भौतिक बदल झाला. परंतु भट्टीच्या प्रखर आचेत मातीशी रासायनिक रीतीने संयोग पावलेले पाणीही निघून जाते व मातीची घटनाच पालटते. अशी वीट कितीही भिजवली, तरी तिचा चिखल होत नाही. मोहेंजोदडो येथे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या पक्क्या विटा आजही पाहावयास मिळतात.

चुन्याची गोष्ट याहून नवलाची आहे. 100 किलोग्रॅम शुद्ध चुनखडी पूर्णपणे भाजली, तर 44 किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व 56 किलोग्रॅम चुनकळी उरते. तिच्यावर पाणी घातले की ती अतिशय तापते व विरलेला चुना तयार होतो. (हा प्रयोग मुलांनी करू नये, चुन्यामुळे डोळ्यांना गंभीर इजा होते.) भिंतीवरील चुन्याचा गिलावा पुढे हवेतील तोच वायू हळूहळू शोषून घेतो आणि चुनखडीचे द्रव्य पुन्हा निर्माण होते.

सिमेंटविषयी मात्र गैरसमज महागात पडतो. सिमेंट ‘वाळले’ असे आपण म्हणतो. वास्तविक ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. म्हणूनच ते पाण्याखालीही घट्ट होऊ शकते. नवे काँक्रीट उन्हात कोरडे पडू दिले, तर ही क्रिया अर्धवट राहते. ते कमजोर होते व त्याला भेगा पडतात. याकरिता त्यावर पाणी मारतात, ओली गोणपाटे पसरतात. साध्या पोर्टलँड सिमेंटचे काँक्रीट किमान 7 दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते.

तात्पर्य, पदार्थ कठीण झाला एवढ्यावरून निर्णय करू नये. नवा पदार्थ निर्माण झाला काय, हाच प्रश्न विचारावा. त्याच्या अचूक उत्तरावर डोक्यावरच्या छपराची मजबुती अवलंबून असते.