बाळाचे कपाट घेण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा अकीका झाला. आम्ही सगळ्या बहिणींनी मिळून त्याला पाच ड्रॉवरचे एक उंच, रंगीत कपाट भेट दिले. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, सारे त्यात नीट मावले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कौतुक केले.

भाचा दीड वर्षाचा झाला. एका दुपारी त्याने खालचे दोन ड्रॉवर ओढले आणि जिना समजून त्यावर चढला. कपाट पुढे कलंडले. समोरच पलंग होता, त्याच्या कडेला ते अडकले आणि मुलगा खालच्या पोकळीत राहिला. त्याला साधे खरचटलेही नाही. अम्मी दिवसभर अल्लाहचे शुक्र अदा करत होत्या. मला मात्र रात्री झोप लागली नाही. ते कपाट दुकानात मीच पसंत केले होते.

आपली चूक कुठे झाली? पाळण्यातले बाळ पाहून आपण कपाट घेतले. पण तेच बाळ वर्षभरात उभे राहते आणि मग चढू लागते. कपाट घ्यायचे ते या चढणाऱ्या मुलाचा विचार करून.

ड्रॉवर बंद असताना कपाट भक्कम वाटते. दोन-तीन ड्रॉवर एकदम उघडले की सगळे वजन पुढे येते. त्यात मुलाचे वजन पडले की ते कोसळते. अमेरिकेत अशा अपघातांत मुले दगावल्यावर २०१६ मध्ये आयकिया कंपनीने तिथली सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत मागवली. २०२२ मध्ये तिथे कायदाच झाला. २७ इंच किंवा त्याहून उंच ड्रॉवरच्या कपाटांना आता न कोसळण्याची चाचणी द्यावी लागते.

आपल्याकडे बाळाची वेगळी खोली किती घरांत असते? पलंगाशेजारची एक भिंत, एवढीच त्याची जागा. म्हणून निवड अधिक जपून करायला हवी.

ठेंगणे आणि रुंद घ्या. कमरेच्या खाली राहील असे, दोन-तीन ड्रॉवरचे कपाट पुरते. दुकानात सगळे ड्रॉवर उघडा आणि वरच्या ड्रॉवरवर तळहाताने दाब द्या. मागचे पाय उचलले गेले तर ते घेऊ नका. ड्रॉवर ओढल्यावर पूर्ण बाहेर निघू नये, त्याला स्टॉपर हवा.

भिंतीला बांधा. वरच्या बाजूला दोन एल-पट्ट्या लावून घ्या. स्क्रू पाठीच्या पातळ प्लायमध्ये न मारता जाड चौकटीत मारायचा. भिंतीत ड्रिल करून गिट्टी बसवायची. मिस्त्रीचे हे थोड्या वेळाचे काम आहे. घर भाड्याचे असेल तर मालकांना विचारा, दोन भोके पुट्टीने बुजतात. तेही नको म्हणाले, तर उंच कपाट घेऊच नका, जमिनीलगतच्या टोपल्या बऱ्या.

जड खाली, हलके वर. कपाटावर टीव्ही, खेळणी किंवा बिस्किटांचा डबा ठेवू नका. मूल त्यासाठीच चढते.

संदूक जपून वापरा. जड झाकण बोटांवर, मानेवर पडते. लपाछपीत मूल आत बसले आणि झाकण बंद झाले तर गुदमरते. संदुकीला कायम कुलूप असू द्या.

रंगाकडे पाहा. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशाचे प्रमाण नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांवर आणले गेले. त्याआधीच्या कपाटाच्या रंगात शिसे जास्त असू शकते. असा जुना रंग घरात खरवडू नका. बाळ आणि गरोदर बाई त्या धुळीपासून दूर हवीत. नव्या प्लायला उग्र वास येत असेल तर बाळाचे कपडे ठेवण्याआधी काही दिवस ड्रॉवर उघडे ठेवून वारा लागू द्या.

डांबराच्या गोळ्या ठेवू नका. मोठ्या भावंडाची दुपटी आपण या गोळ्यांत जपून ठेवतो. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे द्रव्य जन्मतः कमी असते. गोळ्यांचा वास लागलेल्या कपड्यांनी अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ धोकादायक वाढते. कोणत्या बाळाला हा त्रास आहे, हे पाहून कळत नाही. शिवाय गोळी तोंडात गेली तर वेगळीच आफत. स्वच्छ धुऊन उन्हात कडक वाळवलेल्या कपड्यांना गोळ्या लागत नाहीत.

बहिणीचे कपाट आम्ही फेकले नाही. दुसऱ्याच दिवशी मिस्त्री बोलावून ते भिंतीला आवळून घेतले. वरचे तीन ड्रॉवर रिकामे करून सामान खाली आणले. भाचा अजूनही ते ओढून पाहतो, पण कपाट हलत नाही.

तुमच्या घरी कुणाच्या अकीक्याला कपाट द्यायचे ठरले, तर सोबत दोन पट्ट्या आणि मिस्त्रीची मजुरीही द्या. ते भिंतीला लागेपर्यंत भेट पुरी झाली असे समजू नका.