बाप शिकेल मुलाच्या शाळेत

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत मुलगा दिवसभर संगणकापुढे बसतो आणि बाप सातबाऱ्यासाठी सेंटरवर रांगेत उभा राहतो. दौंड तालुक्यात हे चित्र नवे नाही. पैसे मोजायचे आणि चालक काय भरतोय ते पाठीमागून बघायचे, एवढेच बापाच्या हाती!

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी पिकाची नोंद तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) करीत. आता खातेदाराने स्वतः शेतात उभे राहून गट निवडायचा, पीक व क्षेत्र भरायचे, फोटो काढायचा. चूक झाल्यास ४८ तासांत दुरुस्ती करता येते. पण चूक झाली हे आधी कळायला नको का? शेतात हरभरा आणि सातबाऱ्यावर भलतेच पीक असले, तर विम्याला व हमीभाव खरेदीला हेलपाटे शेतकऱ्यालाच पडतात.

संगणक गावात आला म्हणजे तो गावाला आला, असे होत नाही. वारणानगरला (जि. कोल्हापूर) १९९८ मध्ये केंद्र व राज्य शासन आणि वारणा सहकारी समूहाने मिळून ७० गावांचा प्रकल्प हाती घेतला. उसाची माहिती गावातल्या केंद्रावर मिळू लागली. काम मोठे होते. पण शेतकरी आला तो आपल्या उसासाठी. बटण दाबणारा केंद्रचालकच राहिला. २०११ च्या संग्राम केंद्रांनीही दाखल्यांची सोय झाली, शिक्षण नाही. २०१७ ते २०२४ या काळात केंद्राच्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात घरटी एकाला २० तासांचे प्रशिक्षण होते. दाखला मिळाला, तरी हाताला रोजचे काम नसले की शिकलेले पुसले जाते.

म्हणून शिकवणीची सुरुवात ज्याच्या-त्याच्या सातबाऱ्यापासूनच करावी, असे आमचे मत आहे. माध्यमिक शाळेचा संगणक कक्ष संध्याकाळी कुलूपबंद असतो. तिथे दहा-दहा खातेदारांची तुकडी बसवावी. प्रत्येकाने आपला गट नंबर आणावा, स्वतःचा उतारा स्वतः उघडावा, मग मोबाईलवर पाहणीचा सराव करावा. शेजारी नववीचा विद्यार्थी बसवावा, मात्र त्याने माऊसला हात लावायचा नाही! शेजारच्या शिरूर तालुक्यात, पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून हाताने काम करतच शिकवतात. तिथली मुले गावाला सेवा देता देता शिकतात.

महिला खातेदारांना संध्याकाळ जमत नाही, चुलीची वेळ असते. त्यांची तुकडी रविवारी दुपारी ठेवावी. आणि पहिल्याच दिवशी सर्वांना सांगावे, की मोबाईलवर आलेला ओटीपी कोणालाही द्यायचा नाही, ओळखीच्या सेंटरवाल्यालासुद्धा विचारल्याशिवाय नाही.

अडचण पैशाची कमी, चावीची जास्त. चावी कोणाकडे, वीजबिल कोणी भरायचे, बिघडले तर दुरुस्ती कोणाची, हे मुख्याध्यापक व ग्रामपंचायतीने आधी लेखी ठरवावे. ठराव ग्रामसभेत घ्यावा. रब्बीची पाहणी सुरू होण्याआधी पहिली तुकडी बसली पाहिजे.