नकाशावर न मावणारी सीमा

जमिनीची सीमा म्हटली की शेताचा बांध किंवा घराचे कुंपण आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. सायबेरियातील एवेंक लोक मात्र आपला प्रदेश नद्यांवरून आणि वाटांवरून ओळखतात. येनिसेई नदीपासून ओखोत्स्क समुद्रापर्यंतच्या तैगा अरण्यात ते विखुरलेले आहेत. रशियात 2010 मध्ये त्यांची संख्या सुमारे 38 हजार होती आणि चीनमध्येही त्यांची वस्ती आहे.

एवेंकांचे रेनडियरांचे कळप बहुधा लहान असतात. स्वारी, ओझी वाहणे आणि दूध यांसाठी ते हे प्राणी पाळतात. मांसासाठी रानटी जनावरांची, तर लोकरीसारख्या मऊ कातड्यासाठी सेबलची शिकार करतात. हिवाळ्यात रेनडियर बर्फ उकरून दगडफुलाच्या जातीची वनस्पती खातो. ती एकदा चरून संपली की पुन्हा वाढण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून एकाच जागी राहणे म्हणजे उद्याचे कुरण आज संपविणे होय.

कोणत्या उपनदीच्या खोऱ्यात कोणते कुटुंब शिकार करते, हे शेजाऱ्यांना ठाऊक असते. तरीही शिकारीचे मांस इतरांना वाटून देण्याची ‘निमात’ नावाची रीत तेथे आहे. हक्क आणि औदार्य या दोहोंना त्या व्यवस्थेत स्थान आहे.

1930 च्या दशकात सोव्हिएत राजवटीने रेनडियर सामूहिक मालकीचे केले. पुढे मुलांना निवासी शाळांत ठेवण्यात आले. त्यांना अक्षरज्ञान मिळाले. परंतु आईवडिलांसोबत वाटा चालून मिळणारे ज्ञान अनेकांच्या हातून निसटले. निवासी शाळेत शिकणाऱ्या आपण सर्वांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. 1974 नंतर बैकाल-अमूर लोहमार्गाचे मोठे काम एवेंकांच्या प्रदेशातून झाले आणि नवी गावे वसली.

2001 मध्ये रशियाने परंपरागत भूवापराच्या प्रदेशांसाठी कायदा केला. तरी एक अडचण उरतेच. कायद्याला नकाशावर ठरावीक रेषा लागते, तर वणवा लागला किंवा चारा संपला की कळपाला रेषेपलीकडे जावे लागते. रेषा आखणाऱ्याने आधी त्या वाटेने चालणाऱ्याला विचारावे, एवढाच बोध आम्हांला यातून घ्यावासा वाटतो.