टकलावर लेसर? मागची झालर जाळण्याआधी हे वाचा
टक्कल पडलं तरी मागची झालर वाढतच राहते. दर दोन दिवसांनी वस्तरा फिरवून कंटाळलेले काही जण आता लेसरकडे वळताहेत. लेसरचा प्रकाश केसातलं काळं रंगद्रव्य शोषून घेतं आणि त्या उष्णतेने मूळ निकामी होतं. सगळे केस एकाच वेळी वाढीत नसतात, म्हणून ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. पांढऱ्या केसांवर मात्र उपयोग होत नाही. सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित. चुकीच्या मशीनने भाजून डाग पडू शकतात. महत्त्वाचं म्हणजे, केसरोपणासाठी केस मुख्यतः याच झालरीतून घेतात. ती गेली, की उद्या मन बदललं तरी भांडवलच संपलेलं! त्यामुळे आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा, मगच ठरवा.