राग सगळ्यांवर, कौल एकाला
देशोदेशीची मतपेटी : भाग ९ (ब्रिटन, २०२४)

ब्रिटनमध्ये ४ जुलै २०२४ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. चौदा वर्षं सत्तेत असलेला हुजूर पक्ष १२१ जागांवर आला आणि मजूर पक्षाने ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या. एवढ्यावरून देशात मजूर पक्षाची लाट आली होती असं कुणीही म्हणेल. पण पडलेली मतं मोजली तर वेगळंच दिसतं. मजूर पक्षाला या वेळी सुमारे ९७ लाख मतं मिळाली. २०१९ मध्ये याच पक्षाची धूळधाण उडाली, तेव्हा त्याच्या पदरात एक कोटी दोन लाखांहून अधिक मतं होती. मतं घटली आणि जागा दुपटीने वाढल्या.

हे घडण्यात मतमोजणीच्या पद्धतीचा मोठा हात आहे. तिच्याकडे पुढे येऊच. पण आधी पाहायला हवं ते मतदाराच्या मनात काय साचलं होतं ते. पंतप्रधान ऋषी सुनक यांनी २२ मे रोजी भर पावसात निवडणूक जाहीर केली. तिथून मतदानापर्यंतच्या सहा आठवड्यांत दारात उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यांना लोक जे ऐकवत होते, त्यात विचारसरणी फारशी नव्हती. होत्या त्या रोजच्या जगण्यातल्या तक्रारी, आणि त्यांच्या शेवटी ठरलेलं वाक्य : सगळे एकाच माळेचे मणी.

महागाई उतरली, भाव नाही

जानेवारी २०२३ मध्ये सुनक यांनी जनतेला पाच वचनं दिली होती. महागाई निम्म्यावर आणू, अर्थव्यवस्था वाढवू, कर्जाचा बोजा कमी करू, इस्पितळांच्या प्रतीक्षायाद्या घटवू आणि इंग्लिश खाडीतून छोट्या होड्यांनी येणारे स्थलांतरित थांबवू. राजकारणी सहसा मोजता येईल असं काही बोलत नाहीत. सुनक बोलले, आणि मतदाराच्या हाती मोजपट्टी आली.

पहिलं वचन कागदावर पुरं झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ११.१ टक्क्यांवर गेलेला महागाईचा दर मे २०२४ मध्ये २ टक्क्यांवर आला. सरकारला वाटलं, आता तरी लोक समाधानी होतील. पण महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असं होत नाही. भाव वाढण्याचा वेग मंदावतो, एवढंच. जानेवारी २०२२ ते जानेवारी २०२४ या दोन वर्षांत खाद्यपदार्थ सुमारे पाव पटीने महागले होते, आणि ते तिथेच राहिले. दुकानातून पिशवी भरून आणणाऱ्या माणसाला मंत्र्याने टीव्हीवर यश मिळवल्याचं सांगावं, यात त्याला स्वतःची चेष्टा दिसली.

दुसरा मार गृहकर्जाचा. ब्रिटनमध्ये बहुतेक गृहकर्जांचा व्याजदर दोन किंवा पाच वर्षांपुरता बांधलेला असतो. मुदत संपली की नव्या दराने करार. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर २०२१ पर्यंत ०.१ टक्का होता, तो ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्के झाला. पंचवीस वर्षांच्या मुदतीचं दोन लाख पौंडांचं कर्ज धरा. दोन टक्क्यांनी हप्ता साधारण ८५० पौंड बसतो, साडेपाच टक्क्यांनी तो १,२३० च्या घरात जातो. घर तेच आणि पगार जवळपास तोच. लोकांनी या दरवाढीचा दोष लिझ ट्रस यांच्या सप्टेंबर २०२२ च्या ‘मिनी बजेट’ला दिला. जगभर दर वाढत होते, त्यामुळे हा निवाडा पुरता न्याय्य नव्हता. पण बेहिशेबी करकपात जाहीर करून बाजार हादरवणारा आणि पन्नास दिवसही न टिकलेला पंतप्रधान लोक सहज विसरत नाहीत.

सकाळी आठचा फोन

ब्रिटिश माणूस आपल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेबद्दल, म्हणजे एनएचएसबद्दल, जितक्या जिव्हाळ्याने बोलतो तितका क्वचितच कशाबद्दल बोलत असेल. म्हणून तिथली दुखापतही खोल होती. भागातल्या डॉक्टरची वेळ हवी तर अनेक ठिकाणी सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा, रांगेतला आपला क्रमांक ऐकत थांबायचं आणि अखेरीस ‘आजच्या वेळा संपल्या, उद्या आठला करा’ हे ऐकायचं, हा लाखो घरांचा परिपाठ झाला होता. इंग्लंडमधल्या इस्पितळांच्या प्रतीक्षायादीत सुनक वचन देत होते तेव्हा सुमारे ७२ लाख नोंदी होत्या. निवडणुकीच्या तोंडावर त्या ७५ लाखांच्या पुढे होत्या. सरकार संपकरी डॉक्टरांकडे बोट दाखवत होतं, डॉक्टर पगाराकडे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी वर्षभर थांबलेल्या माणसाला या वादात रस नव्हता.

दातांची गत आणखी वाईट होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात एनएचएसचे रुग्ण घेणारा दवाखाना सुरू झाला, तर नाव नोंदवायला शेकडो लोकांची रांग रस्त्यावर लागली. ती आवरायला पोलीस आले. जगातल्या सहाव्या क्रमांकाच्या अर्थव्यवस्थेत दंतवैद्यासाठी पोलीस बंदोबस्त, हे चित्र कुठल्याही भाषणापेक्षा लोकांच्या लक्षात राहिलं.

नदी आणि काउन्सिल

इंग्लंडमधल्या पाणीपुरवठा कंपन्यांचं १९८९ मध्ये खासगीकरण झालं. २०२३ या एका वर्षात या कंपन्यांनी नद्या आणि समुद्रात एकूण ३६ लाख तास सांडपाणी सोडलं, आधीच्या वर्षाच्या दुपटीहून जास्त. मार्च २०२४ मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजची प्रसिद्ध होड्यांची शर्यत झाली, तेव्हा खेळाडूंना थेम्सच्या पाण्यापासून जपून राहण्याची सूचना द्यावी लागली. मे महिन्यात डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅम परिसरात नळाच्या पाण्यात परजीवी सापडले आणि लोकांना पाणी उकळून पिण्यास सांगितलं गेलं. बिलं मात्र चढत होती. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते एड डेव्ही प्रचारात विंडरमिअर सरोवरात मुद्दाम पडले, त्यावर लोक हसले. पण हुजूर पक्षाचे पिढीजात गड मानल्या जाणाऱ्या दक्षिणेतल्या सुखवस्तू मतदारसंघांत हा विषय घरोघरी निघत होता. आपली नदी नासल्याचा संताप डाव्या-उजव्यात वाटला जात नाही.

खड्डे, बंद वाचनालयं, कमी झालेल्या बसगाड्या या तक्रारी स्थानिक काउन्सिलच्या. केंद्राकडून मिळणारं अनुदान २०१० नंतर आटत गेलं आणि वृद्धांच्या सेवेचा खर्च वाढत गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या काउन्सिलने हात वर केले, नोव्हेंबरमध्ये नॉटिंगहॅमने. बर्मिंगहॅमच्या मुळाशी समान वेतनाच्या जुन्या दाव्यांची देणी आणि फसलेली संगणक यंत्रणाही होती, आणि तिथे सत्ता मजूर पक्षाची होती. रहिवाशाला कळलं ते इतकंच, की त्याचा काउन्सिल टॅक्स एका वर्षात जवळपास दहा टक्क्यांनी वाढला आणि बदल्यात सेवा घटल्या. दोन्ही पक्षांवरचा राग एकाच पत्त्यावर कसा जमतो, हे तिथे दिसत होतं.

भरवसा उडाला तो असा

करांची गोष्ट घ्या. सरकारने २०२४ मध्ये नोकरदारांच्या नॅशनल इन्शुरन्सचा दर १२ वरून ८ टक्क्यांवर आणला आणि मोठी करकपात केल्याचं सांगितलं. पण करमुक्त उत्पन्नाची मर्यादा २०२१ पासून १२,५७० पौंडांवर गोठवलेली होती. पगार वाढला की त्यातला अधिकाधिक भाग आपोआप कराच्या कक्षेत जात होता. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं. उलट बाजूला मजूर पक्षाने आयकर, नॅशनल इन्शुरन्स आणि व्हॅट वाढवणार नाही अशी हमी दिली. मग मोडकळलेल्या सेवांना पैसा कुठून येणार, हे नीट सांगितलं नाही. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या अर्थसंशोधन संस्थेने दोन्ही पक्षांच्या या मौनावर जाहीर टीका केली.

यावर शब्द न पाळल्याच्या आठवणींची भर होती. लॉकडाऊनमध्ये डाउनिंग स्ट्रीटवर झालेल्या मेजवान्या लोक विसरले नव्हते. कारण न देता भाडेकरूला घराबाहेर काढण्याची घरमालकांची मुभा रद्द करू, असं हुजूर पक्षाने २०१९ च्या जाहीरनाम्यात म्हटलं होतं. त्याचं विधेयक रखडत राहिलं आणि निवडणूक जाहीर होताच बारगळलं. प्रचार चालू असतानाच निवडणुकीच्या तारखेवर पैजा लावल्याच्या संशयावरून पक्षाच्याच काही उमेदवारांची चौकशी सुरू झाली.

जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रिटिश सोशल अॅटिट्यूड्स’ या पाहणीत ४५ टक्के लोकांनी सांगितलं, की कुठल्याही पक्षाचं सरकार पक्षहितापेक्षा देशहित वर ठेवेल यावर आमचा जवळजवळ कधीच विश्वास बसत नाही. इतकं मोठं प्रमाण या पाहणीत पूर्वी कधी आलं नव्हतं. ‘एकाच माळेचे मणी’ म्हणणाऱ्याला राजकारणातलं काही कळत नाही, असं समजण्याची चूक पक्षांनी केली. त्याने दोन्ही पक्षांचा जमाखर्च मांडून पाहिला होता.

पुण्याहून गेलेला मतदार

या निवडणुकीतली एक बाब आपल्याकडे फारशी माहीत नसते. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुलातल्या प्रौढ नागरिकांना संसदेसाठी मतदान करता येतं. म्हणजे भारतीय पासपोर्टवर वर्षभरापूर्वी गेलेला पुण्याचा संगणक अभियंता किंवा नाशिकची विद्यार्थिनी नाव नोंदवून मत देऊ शकते. तीस वर्षं तिथे राहिलेल्या फ्रेंच नागरिकाला मात्र तो हक्क नाही.

या मतदारांचीही गाऱ्हाणी होती, आणि ती वेगळ्या टोकाची. फेब्रुवारी २०२४ पासून व्हिसाधारकांचा आरोग्य अधिभार प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड झाला. दोन मुलं असलेल्या नोकरदार जोडप्याला तो साडेतीन हजारांच्या वर जातो, शिवाय कर वेगळा. एप्रिलमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसासाठी किमान पगाराची सर्वसाधारण अट २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर नेली गेली. भारतीय वंशाचा पहिला पंतप्रधान झाल्याचं कौतुक होतंच, पण हे नियम त्याच्याच सरकारचे होते. दुसऱ्या बाजूला, स्थलांतर अजूनही फार जास्त आहे म्हणून चिडलेला मतदार नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाकडे चालला होता. एकाच सरकारवर हे दोघे परस्परविरुद्ध कारणांनी नाराज होते.

मत कुणाविरुद्ध?

इतक्या दिशांचा राग मतपत्रिकेवरच्या एका फुलीत बसवायचा कसा? ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच पद्धत आहे : मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं, तो विजयी. म्हणून अनेकांनी आवडीचा उमेदवार शोधण्याऐवजी सत्ताधाऱ्याला पाडू शकेल असा उमेदवार शोधला. लिबरल डेमोक्रॅटांना १२ टक्के मतांवर ७२ जागा मिळाल्या, कारण ती मतं नेमक्या ठिकाणी एकवटली. रिफॉर्म यूकेला १४ टक्के मतांवर अवघ्या ५ जागा मिळाल्या, पण त्या पक्षाने जागोजागी हुजूर पक्षाची मतं खाल्ली. नॉरफोकमध्ये २०१९ ला २६ हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आलेल्या लिझ ट्रस ६३० मतांनी पडल्या. स्कॉटलंडमध्ये २००७ पासून सत्तेत असलेला स्कॉटिश नॅशनल पक्ष ४८ जागांवरून ९ वर आला. तिथे सत्ताधारी ते होते. गाझाच्या प्रश्नावर दुखावलेल्या मतदारांनी मजूर पक्षालाही लेस्टर साउथसारख्या जागा गमवायला लावल्या. आणि दहातले चार नोंदणीकृत मतदार मतदानाला गेलेच नाहीत. २००१ नंतरचं हे सर्वांत कमी मतदान.

अशा कौलात बहुमत मोठं असतं आणि पाया उथळ. नव्या सरकारने महिन्याभरातच बहुतांश पेन्शनरांचं हिवाळी इंधन अनुदान बंद करण्याचं जाहीर केलं, आणि जुनाच संताप नव्या पत्त्यावर वळला. १ मे २०२५ ला रंकॉर्न अँड हेल्सबी मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. दहा महिन्यांपूर्वी मजूर पक्षाने तिथे साडेचौदा हजारांहून अधिक मताधिक्य घेतलं होतं. रिफॉर्म यूकेने ती जागा सहा मतांनी जिंकली.

पक्ष बदलून काही होत नाही असं वाटू लागलेला मतदार कधी कधी खेळाचे नियमच बदलायला घेतो. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ अशा दोन निवडणुकांत जास्त मतं मिळवणारा पक्ष हरला, आणि १९९३ मध्ये लोकांनी सार्वमत घेऊन ब्रिटनकडून आलेली ही पद्धतच टाकून दिली. पुढच्या आठवड्यात ती गोष्ट.